बाभळीचे ओंडके विहिरीत का टाकतात?

इंदापूर तालुक्यात, नीरा नदीपासून थोड्या अंतरावर, एक जुनी मोटेची विहीर आहे. मोट केव्हाच बंद झाली, थारोळ्याचे दगड निखळले, पण कालव्याच्या पाझरामुळे विहिरीत पाणी बारमाही असते. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या बाजूला गेलो होतो. सवयीने विहिरीत डोकावलो, तर आत बाभळीचे सात-आठ जाड ओंडके पाण्यात बुडवून ठेवलेले दिसले. दोरखंडाने ते काठावरच्या दगडाला बांधलेले होते. पाण्याला कुबट वास येत होता आणि मधूनमधून बुडबुडे वर येत होते.

बरोबरच्या एका विद्यार्थ्याने लगेच विचारले, "सर, लाकूड कुजू नये म्हणून आपण ते पाण्यापासून जपतो. मग इथे मुद्दाम पाण्यात का टाकले आहे?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर देण्याच्या आत विहिरीचे मालकच तेथे आले. ते पिढीजात सुतार. त्यांनीच उत्तर दिले, "बाभळ पाण्यात मुरल्याबिगर तिला हत्यार लावायचं न्हाई, मास्तर. कोरडीच वापरली तर दोन वर्सांत पीठ गळाया लागतं. सहा म्हैने पाण्यात ठिवायची, मग सावलीत वाळवायची. मग औत करा, चौकट करा, न्हाईतर चाकाचे आरे करा."

"पण पाण्यात नेमके होते काय?" मी विचारले.

"तिचा रस मरतो," ते म्हणाले.

विद्यार्थी मित्रहो, या तीन शब्दांत बरेच विज्ञान आहे. ते नीट उलगडून पाहू.

लाकडाचे गिऱ्हाईक

लाकूड हे वनस्पतीचे शरीर. त्याचा मोठा भाग सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेचे शेकडो-हजारो रेणू साखळीसारखे जोडून झालेला पदार्थ. या साखळ्यांना घट्ट धरून ठेवतो तो लिग्निन. सिमेंट-काँक्रीटमधल्या सळया म्हणजे सेल्युलोज आणि भोवतालचे सिमेंट म्हणजे लिग्निन, असे मानायला हरकत नाही. याशिवाय झाड जिवंत असताना त्याने साठवलेले अन्न, म्हणजे पिष्ट आणि साधी साखर, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असते. आतल्या गडद गाभ्यात हे अन्न जवळजवळ नसते. उलट झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली कडू, विषारी द्रव्ये तेथे साठलेली असतात.

लाकूड खाणारे तीन. पहिली बुरशी. तिला सेल्युलोज पचते, काही जातींना लिग्निनही पचते. दुसरी वाळवी. आपल्या दख्खनच्या जमिनीत वारुळे करणारी वाळवी मोठी चतुर शेतकरी आहे. चावलेल्या लाकडाचे वाफे करून त्यांवर ती विशिष्ट बुरशी पिकवते आणि त्या बुरशीकडून लाकूड पचवून घेते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या या त्याच शेतीचे पीक. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे लाकूड पोखरणारे छोटे भुंगेरे. लाकडाच्या उघड्या छिद्रांत मादी अंडी घालते, आतल्या आत अळी लाकूड खाते आणि प्रौढ भुंगेरा टाचणीच्या डोक्याएवढे भोक पाडून बाहेर पडतो. त्या भोकातून पिठासारखा बारीक भुसा गळतो. सुतारबाबांचे "पीठ" ते हेच.

आता गंमत अशी की या पीठ पाडणाऱ्या भुंगेऱ्याला सेल्युलोज पचत नाही. त्याला हवे असते पिष्ट आणि साखर. म्हणून तो फक्त पांढऱ्या लाकडात शिरतो आणि गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. बाभळीचे पांढरे लाकूड आणि बांबू ही त्याची आवडती पक्वान्ने.

ओंडका पाण्यात ठेवला की साधी साखर विरघळून हळूहळू बाहेर पडते. पिष्ट मात्र थंड पाण्यात विरघळत नाही. ते काम जिवाणू करतात. साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून तेथे वेगळ्या प्रकारचे जिवाणू वाढतात आणि पिष्ट आंबवून संपवतात. विहिरीच्या पाण्याला येणारा वास आणि ते बुडबुडे याच कामाची खूण होती. लाकडाच्या भिंती, म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन, यांना एवढ्या काळात फारसा धक्का लागत नाही, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि ती पाण्याखाली मिळत नाही. सहा महिन्यांनी ओंडका बाहेर निघतो तो रिकाम्या कोठारासारखा. भिंती शाबूत, धान्य नाही. भुंगेरा आला तरी खायला काही नाही. सुतारबाबांनी लाकडात कोणतेही विष घातले नव्हते. त्यांनी गिऱ्हाइकाचे ताट काढून घेतले होते.

हे तुम्हाला घरी पडताळून पाहता येईल. ताज्या बांबूचा एक तुकडा आडवा कापा आणि कापलेल्या तोंडावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. पिष्ट असेल तेथे निळे-काळे ठिपके उमटतात. त्याच बांबूचा दुसरा तुकडा बादलीत बुडवून ठेवा. आठवड्याला एक पातळ चकती कापून तिच्यावर आयोडीन टाका आणि रंग किती फिका होतो याची वहीत नोंद करा. पाणी बदलत राहिलात तर काय होते आणि न बदलता ठेवलेत तर काय, हेही पाहा. वासामुळे घरचे तक्रार करतील, तेव्हा बादली परसात ठेवावी हे बरे.

बांबू अंधाऱ्या पक्षात तोडावा, म्हणजे तो किडत नाही, असे आपल्याकडे सांगतात. चंद्राचे मला खात्रीने काही सांगता येणार नाही. पण बांबू कोणत्या ऋतूत तोडावा याला आधार आहे. उन्हाळ्यात, नवे कोंब फुटण्याच्या आधी, बांबूत पिष्टाचा साठा भरपूर असतो. पावसाळ्यात कोंब वाढवण्यात तो खर्च होतो. म्हणून पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू उन्हाळ्यात तोडलेल्यापेक्षा कमी किडतो.

माझी चौकट

हे सारे मी पुस्तकात वाचले होते, शिकवतही होतो. तरीही स्वतःच्या घराच्या वेळी चुकलो. बांधावरची बाभूळ पाडली, गिरणीत नेऊन चिरली आणि महिनाभरात चौकट बसवली. वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला होता आणि लाकूड सहा महिने पाण्यात ठेवायला मला सवड नव्हती. चौकटीला चांगला तेलरंग दिला. दुसऱ्या वर्षी उंबऱ्यावर सकाळी पिठाची बारीक रेघ दिसू लागली. आईने दोन दिवस ती मुंग्यांची करामत म्हणून झाडून टाकली. तिसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन बसलो, तेव्हा रंगाच्या थरातून बाहेर पडलेली गोल भोके दिसली. रंगाने भुंगेऱ्याला बाहेर ठेवले नव्हते, कारण अंडी रंगाच्या आधीच आत गेली होती.

चौकटीची उजवी बाजू, जिथे गाभा होता, ती अजून ठणठणीत आहे. डाव्या बाजूला पांढरे लाकूड होते. तेथे स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सहज आत जातो.

दोन हजार वर्षांचे लाकूड

आता पाण्याकडे वळू. बुरशीला वाढण्यासाठी लाकडात साधारण वीस टक्क्यांहून अधिक जलांश लागतो. लाकडातील जलांश काढण्याची रीत सोपी आहे. लाकडाचे वजन करा, मग ते पूर्ण सुकवून पुन्हा वजन करा. जेवढे पाणी गेले त्याला कोरड्या वजनाने भागा. दीडशे ग्रॅमचा तुकडा सुकल्यावर शंभर ग्रॅम भरला, तर जलांश पन्नास टक्के. या हिशेबाने ताज्या तोडलेल्या काही लाकडांत जलांश शंभर टक्क्यांच्या वर जातो! हे ऐकून वर्गात कोणीतरी हमखास हसते. पण भागाकार कशाने केला हे ध्यानात घेतले, की कोडे सुटते.

लाकूड कोरडे राहिले तर किती टिकेल? याचे उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात छताच्या कमानीला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. त्या सागवानी आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. जवळच्या भाजे येथील चैत्यगृह त्याहूनही जुने. तेथील लाकडी तुळयांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली सापडली आहेत. बाहेर मावळातला धो धो पाऊस आणि आत हे लाकूड! त्याचे संरक्षण दोन गोष्टींनी केले. पहिली म्हणजे डोक्यावर कातळाचे छत, त्यामुळे पाण्याचा थेंब लागत नाही. दुसरी म्हणजे सागाचा गाभा. त्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते आणि ते वाळवीला मानवत नाही.

सगळ्यांच्या घरावर कातळ कुठून येणार? पण आपल्या जुन्या गवंड्यांनी आणि सुतारांनी एक युक्ती केली होती. बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात गेलात तर लाकडी खांबाच्या पायाशी पाहा. खांब कधीही जमिनीत पुरलेला नसतो. तो घडीव काळ्या दगडाच्या तळखड्यावर उभा असतो. शोभेसाठी? शोभा आहेच, पण खरे कारण भौतिकीचे आहे.

लाकडात उभ्या दिशेने बारीक नळ्या असतात. झाड जिवंत असताना त्यांतून पाणी वर जाते. झाड तोडले तरी नळ्या राहतातच. बारीक नळी पाण्यात उभी केली की केशाकर्षणाने पाणी तिच्यात चढते. किती चढेल? उंची = (२ × पृष्ठताण) ÷ (घनता × गुरुत्वत्वरण × त्रिज्या). पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर, घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, गुरुत्वत्वरण ९.८ आणि नळीचा व्यास मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे त्रिज्या ०.००००५ मीटर, असे धरा. वर ०.१४४, खाली ०.४९. उत्तर येते ०.२९ मीटर. म्हणजे ओल्या जमिनीत पुरलेल्या खांबात पाणी सुमारे तीस सेंटिमीटर आपोआप वर चढू शकते. नळ्या याहून बारीक असतील तर आणखी वर.

कुंपणाचे जुने खांब उपटून पाहिलेत तर ते नेमके जमिनीलगत कुजलेले दिसतील. खोल मातीत हवा कमी, वर पाणी कमी. जमिनीच्या रेषेवर मात्र अन्न, पाणी आणि हवा तिन्ही एकत्र भेटतात, म्हणून बुरशीची पंगत तेथेच बसते. तळखड्याचा काळा दगड घट्ट असतो, त्यातून ओल फारशी चढत नाही, आणि खांबाची नळी तुटते. शिवाय वाळवीला उघड्यावर चालवत नाही. तिला मातीचा बोगदा बांधतच पुढे जावे लागते. दगडावरून चढणारा बोगदा रोजच्या झाडलोटीत लगेच नजरेस पडतो आणि केरसुणीच्या एका फटक्यात मोडता येतो.

आपला हा मुलूख तसा कमी पावसाचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला, पुढे १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, आणि उसाच्या पट्ट्यात जमीन वर्षभर ओली राहू लागली. पाऊस तेवढाच, पण खांबाच्या पायाची ओल वाढली. अशा ठिकाणी तळखडा पूर्वीपेक्षा अधिक गरजेचा, आणि नेमका तोच आपण सोडून दिला. आता चौकटीचे पाय सरळ फरशीखालच्या ओल्या काँक्रीटमध्ये गाडतात.

सोमलाची गोष्ट

जिथे ओल टाळता येत नाही तिथे काय करायचे? रेल्वेचे स्लीपर, तारांचे खांब, पुलांचे लाकूड. एकोणिसाव्या शतकात यावर एकच उत्तर होते, आणि ते म्हणजे विष. १८३८ मध्ये इंग्लंडात जॉन बेथेल याने लाकूड लोखंडी टाकीत घालून, दाब देऊन, त्यात क्रिओसोट हे डांबरी तेल भरण्याची पद्धत काढली. जुन्या स्लीपरांना उन्हात येणारा उग्र वास तो याचाच.

पुढची मोठी पायरी भारतात चढली गेली. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण तयार केले. आर्सेनिक आणि कॉपर यांच्या इंग्रजी संज्ञांवरून त्याला 'आस्कू' हे नाव मिळाले. त्यातील तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक कीटकांना. आणि क्रोमियम? त्याचे काम पहारेकऱ्याचे. लाकडात शिरल्यावर त्याची रासायनिक अवस्था बदलते आणि ते उरलेल्या दोघांना लाकडाच्या धाग्यांशी पक्के बांधून टाकते, त्यामुळे पावसात ती सहज धुपत नाहीत. ही कल्पना इतकी यशस्वी ठरली की जगभर कोट्यवधी खांब या पद्धतीने टिकवले गेले. एक खांब पाचऐवजी तीस वर्षे टिकला तर मधली कित्येक झाडे वाचतात, हेही विसरू नये. कामेशम यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, याचे मला नवल वाटते.

पण आर्सेनिक म्हणजे सोमलाचे मूलद्रव्य. लाकूड खांब म्हणून उभे आहे तोवर ते बहुतांशी आत राहते. खांब म्हातारा झाल्यावर काय?

काही वर्षांपूर्वी मी भंगारातून विजेचा एक जुना लाकडी खांब आणला. गोठ्याला आधार द्यायचा होता. रंग फिकट हिरवट होता. कापून उरलेले दोन-तीन तुकडे परसात पडले होते. एका सकाळी आई ते बंबात घालायला निघाली. मी धावत जाऊन तिच्या हातातून काढून घेतले. तिला माझे वागणे विचित्र वाटले. "अरे, वाळलेलं लाकूड आहे, वाया कशाला घालवायचं?" तिचे म्हणणे बरोबर होते. आमच्या घरात लाकूड कधी वाया गेलेच नाही. तुटलेली पाभर, खुर्चीचा पाय, मोडकी खिडकी, सगळ्याचा शेवट चुलीत किंवा बंबात. आणि तेथेही संपत नाही. राखेने भांडी घासायची, राख बियाण्याला चोळायची, राख परसातल्या वांग्यांना घालायची. हिरवट लाकूड जाळले असते तर आर्सेनिकचा काही भाग धुरात गेला असता आणि उरलेला राखेत. त्या राखेने आमची ताटे घासली गेली असती.

अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मिश्रण २००३ अखेर थांबवण्यात आले आणि युरोपातही त्यावर निर्बंध आले. तेथे चर्चा होती ती मुलांच्या खेळाच्या मैदानांतील लाकडाची आणि अंगणातल्या लाकडी ओट्यांची. आपल्याकडे कसोटी वेगळी आणि अधिक कडक हवी, असे मला वाटते. लाकडात आज जे घालाल ते कधीतरी तुमच्या स्वयंपाकघरात येणार आहे, असे धरूनच औषध निवडायला हवे. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या भागात येणारी कुटुंबे तर मिळेल ते लाकूड चुलीत घालतात. त्यांना हिरवट रंगाचा अर्थ कोण सांगणार?

"नैसर्गिक ते निर्धोक" हेही खरे नव्हे. बिब्ब्याचे तेल लाकडाला उत्तम, पण कातडीला लागले तर असे उतते की आठवडाभर हात उचलत नाही. सोमलही जमिनीतूनच येतो. आणि सर्रास वापरले जाणारे गाडीचे जळके ऑइल तर ना नैसर्गिक ना निर्धोक. त्यात जळाल्याने तयार झालेली घातक संयुगे आणि इंजिनातील धातूंचे कण असतात, आणि ते पावसाबरोबर जमिनीत उतरते.

टाकणखार आणि हळद

घरातल्या, छपराखालच्या लाकडासाठी आज सर्वांत सोयीचे औषध म्हणजे टाकणखार आणि बोरिक आम्ल. टाकणखार आपल्याला नवा नाही. सोनार तो डाग देताना वापरतात. पूर्वी तो तिबेटकडून व्यापाऱ्यांमार्फत येई. त्यातील बोरॉन वाळवी, भुंगेरा आणि बुरशी या तिघांनाही मारक ठरतो. माणसाला तो सोमलाच्या तुलनेत पुष्कळच सौम्य. तरी पोटात जाता कामा नये, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

एक भाग बोरिक आम्लाला दीड भागाहून किंचित अधिक, नेमके १.५४ भाग, टाकणखार घेतात. दोन्ही एकत्र केली की एकेकट्यापेक्षा पाण्यात अधिक विरघळतात. १०० ग्रॅम आम्ल, १५४ ग्रॅम टाकणखार आणि सुमारे पाच लिटर कोमट पाणी घेतले की पाच टक्क्यांचे द्रावण होते. बांबूसाठी ते पुरते. जाड फळ्यांसाठी याहून तीव्र, गरम द्रावण वापरतात.

आता भौतिकीचा भाग. तेलरंग कोरड्या लाकडावर देतात. टाकणखार मात्र ओल्या, ताज्या लाकडाला द्यायचा! कारण तो आत जातो तो विसरणाने. पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तळाशी शाईचा थेंब सोडला की तो न ढवळता हळूहळू पसरतो, तसे बोरॉनचे कण लाकडातल्या पाण्यातून आत सरकतात. पाणीच नसेल तर त्यांना वाट नाही. फळी द्रावणात बुडवून काढायची, मग प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून काही आठवडे सावलीत ठेवायची, म्हणजे ती मध्येच सुकत नाही. विसरणाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. दोन सेंटिमीटरच्या फळीला जेवढे दिवस, त्याच्या चौपट चार सेंटिमीटरच्या फळीला. इथे माझ्यासारख्या उतावळ्याचे काम नाही. न्यूझीलंडमध्ये १९५० नंतरच्या काळात घरबांधणीचे लाकूड याच रीतीने मोठ्या प्रमाणावर टिकवले गेले.

बांबूची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची बाहेरची साल चिवट, सिलिकायुक्त. बाजूने थेंबही आत शिरत नाही. पण आतल्या नळ्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ असतात. ऑग्युस्त बूशेरी या फ्रेंच डॉक्टरने १८३० नंतरच्या दशकात ताज्या तोडलेल्या झाडांतला रस रेटून बाहेर काढायची आणि त्याची जागा औषधाने भरायची युक्ती काढली. ती बांबूला फार छान लागू पडते. ताज्या बांबूच्या बुंध्याच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट बसवा, दुसरे तोंड रबरी नळीने उंचावरच्या द्रावणाच्या डब्याला जोडा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक वातावरण असतो, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा गच्चीवरून, सुमारे पाच मीटरवरून, अर्ध्या वातावरणाचा दाब फुकट मिळतो. काही वेळाने शेंड्याच्या टोकातून थेंब पडू लागतात. आधी बांबूचा रस, मग द्रावण.

द्रावण टोकापर्यंत पोचले हे ओळखायचे कसे? इथे हळद मदतीला येते. हळदीचा अर्क स्पिरिटमध्ये काढून तो लाकडाच्या ताज्या कापावर लावायचा, सुकला की स्पिरिटात मिसळलेले विरल हायड्रोक्लोरिक आम्ल लावायचे. बोरॉन असेल तेथे पिवळ्याचा लाल रंग होतो, नसेल तेथे पिवळाच राहतो. (आम्लाचे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच करावे.) चुन्यानेही हळद लाल होते, पण ती अल्कामुळे, आणि आम्लाचा थेंब पडताच पुन्हा पिवळी होते. बोरॉनचा लाल रंग आम्लातच खुलतो. उजनीच्या पाण्यापलीकडे, करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीत कुंकू करताना हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावीत. आम्ल, बोरॉन आणि हळद, म्हणजे आपली प्रयोगशाळेतली परीक्षाच!

या औषधाची मर्यादाही सांगायला हवी. ज्या पाण्यातून ते आत गेले, त्याच पाण्यातून ते बाहेरही येते. तेव्हा पावसात उभ्या किंवा जमिनीत पुरलेल्या लाकडाला त्याचा उपयोग थोडाच काळ. टोमॅटोच्या मांडवाच्या काठ्यांना तर ते लावूच नये. बोरॉन झाडांना किंचित लागतो, पण जास्त झाला तर बाधतो, आणि द्राक्ष, लिंबू यांना लवकर बाधतो. उरलेले द्रावण शेतात ओतणे म्हणूनच चूक. अशा काठ्यांचे खालचे टोक विस्तवावर भाजून पुरण्याची जुनी रीत आहे. कोळशाचा थर कोणी खात नाही हे खरे, पण भाजताना पडलेल्या चिरांतून ओल आत जाते, त्यामुळे तिचा फायदा बेताचाच. त्यापेक्षा गाभ्याचे लाकूड निवडावे, नाहीतर काठी दोन हंगामांची असे समजून चालावे. परदेशात लाकूड हवेशिवाय दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याची ओल धरण्याची क्षमताच कमी करतात. त्यात औषध अजिबात नसते, पण त्याला लागणारी भट्टी आपल्या गावच्या सुताराकडे नाही.

गेल्या वर्षी मी परसात एकाच बांबूचे चार तुकडे टांगले. दोन टाकणखारात बुडवलेले, दोन तसेच. आठ महिन्यांनी न बुडवलेल्या दोन्हींखाली पीठ पडले होते, बुडवलेल्यांखाली नव्हते. चार तुकड्यांवरून नियम बांधता येत नाही. म्हणून यंदा चाळीस टांगले आहेत, त्यांतले दहा नुसते पाण्यात मुरवलेले. त्यांची नोंद आमचे विद्यार्थी ठेवतात.

घराची चौकट बदलायची आहे. विहिरीतल्या त्या ओंडक्यांपैकी दोन माझे आहेत. सुतारबाबांनी ते शिमग्यानंतर बाहेर काढायचे ठरवले आहे. मध्यंतरी मी घाई केली, तर ते म्हणाले, "मास्तर, मागल्या बारीला बी तुमी असंच केलं व्हतं."